उशिरा पाहिलेला ‘शोले’

काही चित्रपट पाहिले नाहीत असे चारचौघांत सांगितले, की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम अविश्वास व मागाहून कीव उमटते. ‘शोले’ हा त्यांतील अग्रगण्य. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला, मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात पाच वर्षे चालला, आणि आमच्या बालपणी जत्रेच्या ध्वनिक्षेपकावरून त्यातील संवाद इतके कानी पडत, की चित्रपट न पाहताच गब्बरसिंगाचा आवाज आम्हांस ओळखीचा झाला होता. तो आता आम्ही साद्यंत पाहिला.

कथा आधी ठाऊक असल्याने रसहानी होते, हे आम्हांस मान्य नाही. कीर्तनास बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट ठाऊकच असतो. उलट, संवाद पाठ असल्याने आमचे लक्ष मोकळे राहिले व ते गेले संवादांच्या मधल्या शांततेकडे. विधवा सून राधा तिन्हीसांजेनंतर माडीवरील दिवे एकेक मालवीत जाते आणि खाली पायरीवर बसलेला जय बाजा वाजवीत असतो. दोघांत एक शब्दही होत नाही. द्वारका दिवेचा यांच्या कॅमेऱ्याने टिपलेला हा प्रसंग कोणत्याही ध्वनिक्षेपकावर ऐकू येणे शक्य नव्हते! शंकराच्या मूर्तीमागे दडून वीरू देववाणी काढतो, तो प्रसंग काही भाविकांस रुचणार नाही. पण तेथे हसे होते ते वीरूचे, देवाचे नव्हे.

चित्रपटाचे मर्म आम्हांस अंध इमामाच्या प्रसंगात आढळले. सचिन पिळगावकर यांनी रंगविलेला त्याचा तरुण मुलगा मारला जातो. भयभीत गावकरी जय-वीरूला दरोडेखोरांच्या हवाली करू पाहतात, तेव्हा त्यांस आवरतो तो हा म्हातारा, ज्याचे सर्वस्व नुकतेच गेले आहे. तो सूडही मागत नाही. ए. के. हंगल यांनी येथे आवाज जराही चढविलेला नाही. ठाकूरचे दुःख याच तोलाचे. मार्ग मात्र अगदी निराळा.

आता शेवटाविषयी. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या त्या दिवसांत सेन्सॉरने तो अमान्य केला. म्हणून ऐन वेळी पोलीस येतात व गब्बर कायद्याच्या स्वाधीन होतो. वकिलाला हा बदल आवडावा, अशी वाचकांची समजूत असेल. आम्हांस तो पटला नाही. ठाकूर स्वतः पोलीस अधिकारी होता. गब्बरला त्यानेच कायद्याने पकडले होते. तो तुरुंगातून निसटला म्हणून तर ठाकूरचे कुटुंब मारले गेले. नायकद्वय ज्या तुरुंगातून पळते, त्याचा जेलर तर केवळ हसण्याचा विषय केला आहे. दोन वेळा खोट्या ठरलेल्या साक्षीदारावर तिसऱ्या वेळी विश्वास ठेवा, असे सांगण्यासारखेच हे झाले. (दोन्ही बाजूंस एकच छाप असलेल्या जयच्या नाण्यावर झालेला कौलही कायद्याच्या दृष्टीने कपटाचाच, पण तो मित्रासाठी प्राण देण्याकरिता केलेला, म्हणून आम्ही तक्रार करीत नाही.)

मूळ शेवट असलेली प्रत २०२५ साली इटलीतील बोलोन्या येथे दाखविण्यात आली. त्या शेवटात गब्बरला मारल्यावर ठाकूर विजयाने गर्जत नाही, तो रडतो. कायद्याच्या बाजूचा युक्तिवाद या रडण्यात जितका आहे, तितका शेवटी धावत येणाऱ्या पोलिसांत नाही. सेन्सॉरने नेमका तोच पुरावा अभिलेखातून काढून टाकला. रमेश सिप्पींविषयी आमची एकच तक्रार उरते: त्या वेळी ठाकूरजवळ एकटा वीरू आहे; इमामाला तेथे कोणी हात धरून आणावयास हवे होते.