प्लगवरचा आकडा आणि आपली अपुरी शिकवण

जुन्या शाळांच्या वायरिंगमध्ये तीन पिनांचे दोन आकारांचे प्लग आढळतात : लहान ५ अँपिअरचा, मोठा १५ अँपिअरचा. १९३४ च्या ब्रिटिश मानकातून ते आपल्याकडे आले. पुढे भारतीय मानकात हेच आकडे ६ आणि १६ झाले. धारेचा धडा शिकवताना आपण प्लग दाखवतो, २३० ला ६ ने गुणतो, १३८० वॅट असे उत्तर फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. गुणाकार बरोबर आहे. शिकवण मात्र अपुरी आहे. घराघरांत सौर संच येत असताना ती धोक्याचीही ठरू शकते.

या शिकवणीतून विद्यार्थी पहिली समजूत करून घेतो ती अशी, की प्लगची क्षमता वॅटमध्ये असते. सालेकसा किंवा देवरीकडच्या एखाद्या घरात १२ व्होल्टची बॅटरी आहे असे समजू. तिच्यावर १०० वॅटचे उपकरण लावले तर धारा ८ अँपिअरहून जास्त होते. १३८० वॅटचा म्हणून निर्धास्तपणे वापरलेला ६ अँपिअरचा प्लग इथे तापू लागेल. कारण पिना तापतात त्या धारेच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्ट कमी झाले म्हणून प्लगला जास्त धारा पेलत नाही.

दुसरी समजूत अधिक खोल आहे. अँपिअर म्हणजे अँपिअर, मग एसी असो वा डीसी! धारा वाहून नेण्यापुरते हे खरे आहे. एसीचा आकडा परिणामी मूल्याचा असल्याने ६ अँपिअर एसी आणि ६ अँपिअर डीसी सारखीच उष्णता निर्माण करतात. पण धारा वाहून नेणे वेगळे आणि ती तोडणे वेगळे. पिना दूर होताना मधल्या हवेत ठिणगीची कमान पेटते. आपली एसी सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे धारा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. त्या क्षणी कमान विझते आणि अंतर पुरेसे असेल तर पुन्हा पेटत नाही. डीसीला असा शून्याचा क्षण नाही. व्होल्ट पुरेसे असतील तर कमान ताणली जाते, धातू वितळतो, प्लॅस्टिक जळते. १२ व्होल्टला हा धोका किरकोळ आहे, तिथे खरी काळजी तापण्याची. सौरपंपाच्या पॅनेलमाळेत मात्र शेकडो व्होल्ट डीसी असू शकते. म्हणून तिथे डीसीसाठीच बनवलेले जोड व तोडक लागतात. घरातले बटण चालत नाही.

उदाहरणासाठी दूर जायला नको. गोंदिया जंक्शनवर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट एसी असते, तर तिच्याखालून गेलेल्या आयसीएफ बनावटीच्या बहुतेक साध्या डब्यांत दिवे-पंखे ११० व्होल्ट डीसीवर चालत. मुंबईच्या लोकलला तर १९२५ पासून अनेक दशके १५०० व्होल्ट डीसीच मिळत होती. ब्रिटनमध्ये घरोघरी डीसी होती तेव्हा बटणे स्प्रिंगच्या जोराने झटक्यात उघडत. एसी सर्वत्र झाल्यावर किंचितच उघडणारी, केवळ एसीसाठीची बटणे आली. म्हणजे बटणाची रचनासुद्धा पुरवठ्याच्या प्रकाराप्रमाणे बदलली. आपल्या फळ्यावरच्या गुणाकारात यातले काहीच येत नाही.

शालेय पुस्तकात सगळे मावणार नाही, हे मान्य. पण दोन वाक्ये मावतील : अँपिअर हा धारेचा आकडा आहे, वॅटचा नव्हे, आणि एसीसाठीचा आकडा डीसी तोडण्याची हमी देत नाही. पुरवठ्यापासून पूर्ण सुटे केलेले प्लग व बटणे वर्गात आणून त्यांवरील खुणा वाचून घ्याव्यात. नागमोडी रेघ म्हणजे एसी. सरळ रेघ व तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी. जुन्या प्लगवर खूणच नसेल, तर तो डीसीला चालतो असे मानू नये. आणि परीक्षेत “हा प्लग किती वॅटचा?” असे विचारण्याऐवजी “हा प्लग कोणत्या पुरवठ्यावर, किती धारेसाठी?” असे विचारावे. प्रश्न बदलला की शिकवणेही बदलेल.