एदेनच्या वाटेवरची तीन पुस्तके

दक्षिण आफ्रिकेत कुटुंबाने मिळून करावयाचा एक प्रवास आहे. शाळेला सुटी लागली की आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे एकाच मोटारीत बसतात आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या दिशेने निघतात. डब्यांतून घरचे खाणे घेतलेले असते. वाटेवर खाण्याच्या ह्या शिदोरीला तिकडे ‘पदकोस’ असे खास नाव आहे. उद्यानाची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ३६० किलोमीटर. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्या रस्त्यावर ४० किलोमीटरहून अधिक वेग चालत नाही. नेमून दिलेल्या जागा सोडल्या तर मोटारीतून पाय खाली ठेवण्यास मनाई. सूर्यास्ताच्या सुमारास विश्रामतळांची फाटके बंद होतात. त्याआधी आत पोहोचावे, कुठे सिंह दिसला, कुठे हत्ती, हे तळावरील फलकावर रंगीत खुणांनी नोंदलेले वाचावे, आणि निखाऱ्यांवर मांस भाजत दिवसाची उजळणी करावी, असा हा नेम आहे.

तीन पिढ्या दिवसभर एका मोटारीत कोंडल्या गेल्या, म्हणजे बोलणे आलेच. दर वळणावर प्राणी दिसत नाही. तासन् तास फक्त मोपानेची झाडे आणि इम्पालाचे कळप. ही रिकामी जागा आजोबांच्या गोष्टींनी भरून निघते. “मी तुझ्याएवढा होतो तेव्हा ह्याच पुलावर...” अशी ती सुरू होते. म्हणून ह्या प्रवासाचे खरे साहित्य म्हणजे मौखिक साहित्य, असे आम्हांस वाटते. परंतु त्या गोष्टींच्या मुळाशी काही छापील पुस्तकेही आहेत. आज आम्ही अशा तीन पुस्तकांचा विचार करणार आहोत. पहिले गोष्टीचे, दुसरे आठवणींचे आणि तिसरे इतिहासाचे. तिन्हींची वाट एकच; मात्र त्या वाटेवर कोणाकोणाला पाहिले, ह्याची उत्तरे निराळी आहेत.

पहिले पुस्तक सर पर्सी फिट्झपॅट्रिक ह्यांचे ‘जॉक ऑफ द बुशवेल्ड’. ते १९०७ साली प्रसिद्ध झाले. फिट्झपॅट्रिक आयरिश कॅथलिक घराण्यातले. इंग्लंडातील डाउनसाइड ह्या बेनेडिक्टाइन मठाच्या शाळेत आणि ग्रॅहम्सटाउनच्या सेंट एडन्स ह्या येशूसंघीय विद्यालयात ते शिकले. १८८०च्या दशकात सोन्याच्या खाणींच्या ओढीने ते ट्रान्सव्हालमध्ये आले आणि डेलागोआ उपसागरापासून खाणींच्या गावांपर्यंत बैलगाड्यांतून माल वाहू लागले. हा उपसागर म्हणजे लोरेन्सो मार्किस, आजचे मापुतो. पोर्तुगीज अमदानीत ज्या नगरात अनेक गोवेकर ख्रिस्ती कुटुंबे जाऊन राहिली, तेच हे. ह्या गाडीवाटेवर जॉक नावाचा कुत्रा फिट्झपॅट्रिकांचा सोबती होता.

पुढे ते धनवान झाले, संसारी झाले आणि रात्री मुलांना निजवताना जॉकच्या गोष्टी सांगू लागले. मुंबईत जन्मलेले रडयार्ड किपलिंग त्यांचे स्नेही. ह्या गोष्टी त्यांच्या कानी पडल्या आणि त्या लिहून काढण्याचा आग्रह त्यांनी धरला. म्हणजे ह्या ग्रंथाचा जन्मच मुळी पित्याच्या तोंडून मुलांच्या कानी झाला. त्याची सगळी बलस्थाने तिथूनच येतात. वाक्ये श्वासाच्या लांबीची आहेत, संकट आले की लेखक थांबतो, ऐकणाऱ्याने “मग?” म्हणावे इतका अवधी देतो. सांडणीच्या लायकीचे म्हणून कोणी न घेतलेले अशक्त पिल्लू, कुडू मादीच्या लाथेने त्याला आलेला बहिरेपणा, आणि अखेरीस कोंबड्या मारणारा चोरटा कुत्रा समजून त्याच्यावरच झाडली गेलेली गोळी, हा सारा भाग आजही वाचकाचा गळा दाटून आणतो. आम्ही तो दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा पुस्तक काही काळ मिटून ठेवावे लागले.

ह्या पुस्तकाविषयी एक लहानशी हकीकत सांगण्यासारखी आहे. चित्रे काढण्यासाठी एडमंड कॉल्डवेल ह्या चित्रकाराला नेमले होते. समासात त्याने शेणकिडे काढले, ते पुढच्या पायांनी शेणाची गोळी ढकलताना. प्रत्यक्षात हा किडा डोके खाली करून मागच्या पायांनी गोळी लोटतो. चूक ध्यानी आली आणि पुढील मुद्रणात चित्र सुधारण्यात आले. किड्याच्या पायांविषयी इतकी दक्षता! आता त्याच पुस्तकातील माणसांकडे पाहावे. जिम माकोकेल हा झुलू गाडीवान हे त्यातले सर्वांत जिवंत मानवी पात्र. त्याचे बळ, त्याचा संताप, त्याचे मद्यपान, जॉकवरची त्याची माया, सर्व काही लेखकाने जवळून पाहिले आहे. परंतु तो ज्या घरातून आला ते घर पुस्तकात नाही. रात्री तो आपल्या मुलांना कोणती गोष्ट सांगत असेल, हा प्रश्न लेखकाला पडत नाही. कृष्णवर्णीयांविषयी वापरलेले हीन शब्द तर अनेक वर्षे तसेच छापले जात होते; ते नंतरच्या आवृत्त्यांतून वगळले गेले. किड्याचे चित्र लगोलग सुधारले, माणसाचे सुधारण्यास पिढ्या लागल्या. आमच्या मते ह्या थोर पुस्तकाची मर्यादा ह्याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

तरीही ह्या मर्यादेपायी पुस्तक फेकून द्यावे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या मुलांसाठी ते सांगितले गेले त्यांपैकी थोरला नुजंट १९१७ साली महायुद्धात फ्रान्समध्ये मारला गेला. युद्धातील मृतांसाठी सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची केपटाउनमधील प्रथा सर्व साम्राज्यात पाळली जावी, असे १९१९ साली सुचविणारे हेच फिट्झपॅट्रिक. गोष्ट सांगणाऱ्या पित्याच्या वाट्याला अखेरीस मौन आले. हे ठाऊक असलेला वाचक जॉकची गोष्ट वेगळ्या कानांनी ऐकतो. आज प्रिटोरियसकोपच्या परिसरातील जुन्या वाटेवर जॉकच्या नावाच्या पाट्या आहेत. मोटारी तिथे थांबतात आणि आजोबा नातवंडांना गोष्ट सांगतात. ती जरूर सांगावी. तिच्यात जिमचे घर घालून सांगावी, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरे पुस्तक जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन ह्यांचे ‘साउथ आफ्रिकन ईडन’, प्रकाशन १९३७. लेखक स्कॉटिश सेनाधिकारी. बोअर युद्ध संपताच १९०२ साली साबी अभयारण्याचे पहिले रक्षणाधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९४६ पर्यंत, मधला महायुद्धाचा काळ वगळता, ते त्या कामावर होते. शिकारीने उजाड झालेल्या ह्या मुलखात प्राणी पुन्हा कसे वाढले, खाणवाले, गुरेवाले आणि सरकार ह्यांच्याशी झगडून १९२६ साली राष्ट्रीय उद्यानाचा कायदा कसा झाला, ह्याची ही कथा. १९२७ साली उद्यान पर्यटकांना खुले झाले, तेव्हा वर्षभरात आल्या त्या अवघ्या ३ मोटारी. पुढील वर्षी १८०, त्याच्या पुढील वर्षी ८५०. कौटुंबिक प्रवासाच्या परंपरेचा हा आरंभ.

लेखकाची शैली कोरडी, मिस्कील आणि विश्वासार्ह आहे. सिंहाला केवळ उपद्रवी मानणाऱ्या त्या काळात, सिंहालाही सृष्टीत स्थान आहे, हे त्यांनी अनुभवाने ओळखले. ज्या मतात आपण चुकलो ते मत सरळ बदलणारा लेखक विरळा. हा गुण आम्हांस फार मोलाचा वाटतो.

परंतु पुस्तकाच्या नावापाशी ख्रिस्ती वाचकाने थबकावे. एदेन! उत्पत्तीच्या पुस्तकातील बाग देवाने माणसासाठी लावली. तिची मशागत आणि राखण करण्यास आदामाला तिथे ठेवले. बागेतून बाहेर घालविला गेला तो अपराधानंतर. साबीच्या एदेनमध्ये क्रम उलटा लागला. रक्षणाधिकारी आले आणि पिढ्यान् पिढ्या तिथे राहणाऱ्या दोन-तीन हजार माणसांना बाहेर जावे लागले. त्यांचा अपराध एवढाच की ती तिथे होती. ह्यावरून स्थानिकांनी साहेबांना नाव दिले ‘स्कुकुझा’, म्हणजे सगळे झाडून साफ करणारा, उलथेपालथे करणारा. पुढे साहेबांचे मत काहीसे निवळले. खंड आणि श्रम घेऊन काहींना राहू दिले गेले. १९३६ साली उद्यानाच्या मुख्य तळालाही स्कुकुझा हेच नाव मिळाले. आज त्या तळावर आइस्क्रीम खाणाऱ्या किती मुलांना ठाऊक असेल, की ह्या नावात एका हकालपट्टीची आठवण आहे?

आता तिसरे पुस्तक, जेकब डलामिनी ह्यांचे ‘सफारी नेशन’. हे २०२० सालचे. लेखक दक्षिण आफ्रिकेचे कृष्णवर्णीय इतिहासकार. क्रूगर उद्यानाच्या इतिहासात कृष्णवर्णीय माणूस दोनच वेषांत दिसतो, मजूर आणि चोरटा शिकारी, असे ध्यानी आल्यावर त्यांनी कागदपत्रे, तोंडी आठवणी आणि जुनी छायाचित्रे धुंडाळली. त्यांना आफ्रिकन, मिश्रवंशीय आणि भारतीय कुटुंबे सापडली. कोणी उद्यानात राहिलेले, कोणी त्यातून खाणीकडे पायी गेलेले, आणि कोणी चक्क हौसेने प्राणी पाहायला आलेले. वर्णभेदाच्या काळात त्यांना गोऱ्यांच्या तळांवर मुक्काम करता येत नसे. बालुलेसारख्या ठिकाणी साध्या झोपड्यांची सोय होती. तरी ही माणसे आली. टोपी-कोट घालून आली, पोरेबाळे घेऊन आली, फोटो काढून घेऊन गेली.

डलामिनींच्या ग्रंथाचे मोल इथे आहे. अन्यायाची यादी करून ते थांबत नाहीत. ज्याच्यावर अन्याय झाला तो केवळ अन्यायाचा धनी असतो, असे मानणे हाही त्याचा एक अपमानच, हे त्यांनी ओळखले आहे. हत्ती पाहून अवाक् होण्याचा हक्क, नातवाला जिराफ दाखविण्याचा आनंद, हे माणसाच्या प्रतिष्ठेचे भाग आहेत. ते हिरावले जात असतानाही काहींनी ते हट्टाने जपले. उद्याने परकी सत्तेने लादलेली होती, तर ती सत्ता गेल्यावर टिकली कशी, ह्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग ह्या हट्टात आहे.

दोषही सांगितला पाहिजे. ग्रंथ अभ्यासकाचा आहे. वादविवादांच्या आणि संकल्पनांच्या गर्दीत ती कुटुंबे अधूनमधून हरवतात. फोटोत उभ्या असलेल्या मुलाला त्या रात्री झोपडीत कसे वाटले असेल, हे फिट्झपॅट्रिक एका परिच्छेदात सांगून गेले असते. इतिहासकाराला पुराव्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. ही त्याची सचोटी. पण म्हणूनच ह्या ग्रंथाशेजारी एका कादंबरीची जागा रिकामी आहे, असे वाचताना सारखे जाणवते.

उद्यानाच्या उत्तर टोकाला पाफुरी आहे. तिथून माकुलेके लोकांना १९६९ साली हुसकावण्यात आले. वर्णभेदी राजवट संपल्यावर, १९९८ साली त्यांची जमीन त्यांना परत मिळाली. ती नांगरावी की वन्यजीवांसाठी राखावी? त्यांनी ती राखली. आज तिथे येणाऱ्या पाहुण्यांकडून त्यांना उत्पन्न मिळते. ज्यांना एदेनमधून घालविले त्यांनीच एदेनची राखण पत्करली. उत्पत्तीमधील आज्ञेचा ह्याहून सरळ अर्थ आम्हांस माहीत नाही.

तिन्ही पुस्तके एकाच घरात, एकाच फळीवर असावीत. जॉकने ऐकण्याची गोडी लावावी, स्टीव्हन्सन-हॅमिल्टननी पाहण्याची शिस्त, आणि डलामिनींनी विचारण्याचे धैर्य द्यावे. मोटारीत मागे बसलेले मूल एक दिवस विचारणारच, “आजोबा, इथे आधी कोण राहायचे?” त्यावेळी पुढच्या आसनावरून उत्तर यावयास हवे. आपल्याही घरांत आजोबा गोष्टी सांगतात, जमिनीच्या, विहिरीच्या, जुन्या वाड्याच्या. त्या गोष्टींत कोणाकोणाचे घर राहून गेले आहे, हे आपण आपल्या आजोबांना विचारले, तर ही परदेशातील पुस्तके वाचल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.