‘व्हय म्हाराजा’ म्हणजे चर्चा नव्हे

मालवणात बोलतोय, तर सुरुवात गाऱ्हाण्यापासूनच करतो. गाऱ्हाणं घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ गाऱ्हाण्याला ते शोभतं. तिथे सगळ्यांचं मागणं एकच असतं. पण हाच प्रकार शिकण्याच्या जागी आला तर काय होतं, ते आज सांगायचंय.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी शिक्षकांसाठीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला. नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकाच संस्थेचा नाही. प्रत्येक घटकाखाली ‘चर्चा’ होती. दोन प्रतिक्रिया लिहिल्या की गुण. प्रश्न काय, तर ‘मूल्यमापन का महत्त्वाचे आहे?’ पहिल्याने चार मुद्दे लिहिले. त्याखाली रांगच लागली: ‘सहमत’, ‘छान माहिती सर’, ‘अगदी बरोबर’. मीही लिहिलं. (हशा) गुण मिळाले, पण त्यातलं एक वाक्यही आज आठवत नाही. त्याच दिवसांत आपल्या जिल्ह्यातली मुलं रेंजसाठी सड्यावर जाऊन बसत होती. एवढी चढण चढून गेलेल्या मुलाच्या हातात आपण काय देतो? फक्त ‘सहमत’?

केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७च्या जुलैत सुरू झालं. त्याच्या अभ्यासक्रमांचे चार भाग ठरलेले आहेत: व्हिडिओ व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वतःला तपासण्याच्या चाचण्या आणि चर्चेची जागा. गावात बसून आयआयटीच्या प्राध्यापकांना ऐकता येतं, ही मोठी सोय आहे, ती मी नाकारत नाही. पण चौथा भाग कशासाठी, तर शंका दूर करण्यासाठी. माझी हरकत इथे आहे. शंका खालून वर जाते, उत्तर वरून खाली येतं. यात शेजारच्या विद्यार्थ्याची गरजच पडत नाही. शंकानिरसन हवंच, पण त्यातून सोबत तयार होत नाही. आणि एकट्याने शिकणारा माणूस कंटाळून मधेच निघून गेला, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

असल्या मोठ्या, खुल्या अभ्यासक्रमांना इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मूक’ म्हणतात. हे नाव २००८ साली एका अभ्यासक्रमामुळे पडलं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी तो घेतला होता. शुल्क भरलेले विद्यार्थी पंचवीसेक, आणि फुकट सामील झालेले दोन हजारांवर. तिथे लोक एकमेकांना वाचत होते, उत्तरं देत होते, आणि तोच अभ्यास होता. पुढे २०१२च्या सुमारास मोठे प्रकल्प आले. व्हिडिओ आणि चाचण्या पुढे सरकल्या, बोलणं मागे पडलं. ‘मूक’ खरंच मुका झाला!

मग बोलकं कसं करायचं? आपल्याकडे दशावतार आहे ना. तिथे संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरलेलं असतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरलेलं असतं. पण समोरचा राजा काय बोलेल, हे आधी माहीत नसतं. त्यामुळे ऐकावंच लागतं. ऐकलं नाही तर पुढचं वाक्य येणारच नाही. चर्चा म्हणजे हे.

त्यासाठी प्रश्न तसा हवा. समजा, सहकार हा विषय आहे. ‘सहकाराचे फायदे लिहा’ असं विचारलंत तर पुस्तकातलं उत्तर येणार आणि खाली ‘सहमत’. त्याऐवजी विचारा, ‘तुमच्याकडे रापणीचा वाटा कसा पाडतात? घरच्यांना विचारून लिहा.’ मालवणचा एक लिहील, देवगडचा दुसरं, वेंगुर्ल्याचा तिसरं. ज्याच्या गावात समुद्रच नाही, तो भातलावणीची माणसं कशी जमवतात ते लिहील. मग सांगा, ‘दुसऱ्याचं वाचा आणि फरक का पडला, ते त्यालाच विचारा.’ आता प्रत्येकाकडे दुसऱ्याला नसलेली माहिती आहे. हजार जण एकत्र कोंबू नका, वीस-पंचवीसांचे गट करा. शिक्षकाने रोज नाही, पण आठवड्यातून एकदा तरी आत यावं, आणि उत्तर देण्याऐवजी पुढचा प्रश्न टाकून जावं.

कुणी म्हणेल, सगळेच काही बोलके नसतात. खरं आहे. दशावताराला रात्रभर गप्प बसून पाहणारा माणूस काही कमी समजलेला नसतो. म्हणून प्रतिक्रिया मोजून गुण देणं आधी बंद करा. धाकाने माणूस बोलत नाही, फक्त मान डोलावतो.

जाता जाता एक कसोटी देतो. कुठल्याही ऑनलाइन वर्गाची चर्चा उघडा. त्यातलं एकाचं म्हणणं काढून टाका आणि बघा, दुसऱ्याचं उत्तर बदलतं का? बदलत असेल तर तिथे माणसं एकमेकांकडून शिकतायत. नसेल बदलत, तर ते गाऱ्हाणं आहे, आणि तेही देवाशिवायचं.

आता माझ्या या बोलण्यावर कृपा करून ‘व्हय म्हाराजा’ म्हणू नका. (हशा) प्रश्न विचारा.