कोठडीतील वर्ग : कृष्णवर्णीय आत्मकथनांतील एक आशयसूत्र

मराठी वाचकाच्या मनातील तुरुंग आणि ग्रंथ यांचे नाते राजबंद्यांनी घडविलेले आहे. मंडालेच्या कारागृहात ‘गीतारहस्य’ किंवा नाशिकच्या कारागृहात ‘श्यामची आई’ लिहिणारे लेखक विद्या सोबत घेऊनच आत गेले होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या कारागृह-साहित्याची घडण बरीचशी याच्या उलट आहे. शाळेने ज्यांना दूर लोटले, अशा अनेकांना ग्रंथ खऱ्या अर्थाने भेटला तो कोठडीतच.

१९६५ साली प्रसिद्ध झालेले माल्कम एक्स यांचे आत्मकथन हा या परंपरेचा मानदंड होय. वकील होण्याची इच्छा बोलून दाखविणाऱ्या या हुशार मुलाला शिक्षकाने सुतारकामाचा सल्ला दिला. पुढे नॉरफोकच्या तुरुंगात त्यांनी शब्दकोश पानामागून पान उतरवून काढला. हा प्रसंग वाचकांच्या स्मरणात राहिला. परंतु त्याच तुरुंगातील समृद्ध ग्रंथालय, वादसभा आणि बाहेरून शिकवावयास येणारे अध्यापक यांचे उल्लेख मात्र विस्मृतीत गेले. परिणामी, कारागृहातील शिक्षण म्हणजे एकाकी जिद्दीची कथा, असा एकांगी अर्थ रूढ झाला.

या वाचनातील उणीव इतिहासाने उघड केली. १९७० च्या दशकापासून बंदिवानांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी मिळणारे ‘पेल’ अनुदान १९९४ च्या गुन्हेगारीविषयक कायद्याने बंद झाले आणि बहुसंख्य अभ्यासक्रम मोडीत निघाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, सोळाव्या वर्षी, रेजिनाल्ड ड्वेन बेट्स तुरुंगात गेले. एकान्तकोठडीच्या दाराखालून कुणीतरी सरकविलेला डडली रँडल संपादित ‘द ब्लॅक पोएट्स’ हा संग्रह त्यांना कवितेकडे घेऊन गेला. येथे वर्ग नाही, अध्यापक नाही. आहे ती केवळ अज्ञात सहबंद्याची कृपा. सुटकेनंतर बेट्स येल विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर झाले. तरीही २०१७ साली सनद देताना जुन्या अपराधामुळे त्यांना प्रथम थांबविण्यात आले. विद्या मिळाली तरी शिक्षा संपत नाही, हे ‘फेलन’ (२०१९) या त्यांच्या कवितासंग्रहाचे मर्म आहे.

१९९९ मध्ये सुरू झालेल्या बार्ड महाविद्यालयाच्या उपक्रमाने शिक्षणाचे सामूहिक रूप पुन्हा पुढे आणले. २०१५ साली त्यातील बंदिवान विद्यार्थ्यांनी वादविवादात हार्वर्डच्या संघाला हरविले, तेव्हा जगाला आश्चर्य वाटले. हे आश्चर्यच चिंतनीय आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या बुद्धीपेक्षा पाहणाऱ्यांच्या अपेक्षांचेच दर्शन घडते.

२०२३ पासून अनुदान पुन्हा उपलब्ध झाले आहे. मात्र या साहित्याला ‘उद्धारकथा’ म्हणून गौरविताना एक धोका संभवतो : शाळेने जे नाकारले, त्याचे श्रेय तुरुंगाला मिळते. ही आत्मकथने तुरुंगाची थोरवी सांगत नाहीत. शिक्षण इतक्या उशिरा आणि इतक्या किमतीत का मिळाले, हा प्रश्न ती समाजापुढे ठेवतात.