नदीमुखावरील कार्बनचे वय : एक चिकित्सा

सैबेरियातील कोलिमा नदीच्या खोऱ्यात वर्षानुवर्षे गोठून राहिलेली जमीन, म्हणजे पर्माफ्रॉस्ट, वितळत आहे. तिच्यातील किती सेंद्रिय कार्बन नदीत उतरतो, याचे अनुमान पुष्कळदा नदीमुखालगतच्या पाण्यात विरघळलेल्या कार्बनच्या रेडिओकार्बन वयावरून बांधले जाते. हे वय बव्हंशी अर्वाचीन निघते. त्यावरून प्राचीन कार्बनचा वाटा नगण्य मानणे मात्र घाईचे होय. दुवान्नी यार येथील ढासळत्या काठातून वाहणाऱ्या ओहळांतील विरघळलेला कार्बन २०,००० वर्षांहून जुना आहे. स्पेन्सर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यातील सुमारे निम्मा सूक्ष्मजीवांनी ७ दिवसांत संपविला. जो वाटेतच वायुरूप झाला, तो मुखाशी सापडावा कसा? शिवाय वसंतातील हिमवितळीचा पूर पृष्ठभागावरील ताजा पालापाचोळा धुऊन आणतो, आणि जुना अंश त्यात झाकला जातो. अर्थात बाटलीतील ७ दिवस म्हणजे नदीतील ७ दिवस नव्हेत. हा आक्षेप रास्तच आहे. गाळाचा हिशेब तर निराळाच. कॅनडातील मॅकेन्झी नदीच्या गाळाबरोबर येणारा कार्बन हजारो वर्षे जुना असूनही त्याचा बराच भाग सागरतळाशी गाडला जातो, असे हिल्टन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच दाखविले होते.