विवेक, वहिवाट आणि कायदा

कायद्याचे बंधन शेवटी कशावर उभे असते? सत्तेच्या आज्ञेवर, पूर्वापार चालत आलेल्या वहिवाटीवर, की मानवी विवेकावर? जॉन फिनिस यांच्या 'नॅचरल लॉ अँड नॅचरल राइट्स' (१९८०; दुसरी आवृत्ती २०११) या ग्रंथाचा परामर्श आम्ही याच प्रश्नाच्या अनुरोधाने घेऊ इच्छितो. कायदा आणि नीती यांच्यात भेद करणाऱ्या एच. एल. ए. हार्ट यांच्याच संपादनाखालील मालेत नैसर्गिक कायद्याचा हा कैवार प्रसिद्ध झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ग्रंथाचे पहिले श्रेय असे की, 'मनुष्यस्वभाव असा आहे, म्हणून मनुष्याने असे वागावे' हे सोपे पण सदोष अनुमान फिनिस यांनी टाकून दिले आहे. मनुष्य कृतीला प्रवृत्त होतो तेव्हा काही गोष्टी स्वतःच इष्ट म्हणून त्याच्या विवेकाला प्रतीत होतात. जीवन, ज्ञान, क्रीडा, सौंदर्यानुभव, मैत्री, व्यावहारिक विवेक आणि धर्म अशी सात मूलभूत श्रेये ते सांगतात. या श्रेयांच्या मागे लागताना व्यक्तीव्यक्तींत मनमानी पक्षपात करू नये, ही विवेकाची एक अट होय. सर्वांच्या समाईक हितासाठी या अटींना धरून जी व्यवस्था लावली जाते, तिलाच पूर्णार्थाने कायदा म्हणावे. येथवर आम्ही ग्रंथकाराशी सहमत आहोत.

आमचा आक्षेप पुढे आहे. फिनिस यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी जो विवेकी पुरुष आहे, तो घडलेलाच आपल्यासमोर येतो. तो कोणत्या आचारात वाढला, कोणत्या रूढीने त्याची दृष्टी उजळली वा मंदावली, हे ग्रंथात पुरेसे येत नाही. रूढीचा विचार ते करतात. परंतु तो मुख्यतः राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार जुळवून घेण्याचे साधन म्हणून. हे अपुरेपण दाखविण्यास महाडच्या चवदार तळ्याच्या खटल्याइतके समर्पक उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झालेल्या बोले ठरावाला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांस खुले केले. ठराव विवेकास धरूनच होता; पण तीन वर्षे तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर चालत गेले व पाणी प्याले. त्यानंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, नगरपालिकेने ठराव मागे घेतला, आणि तळ्यावर आपलाच पूर्वापार हक्क आहे असा दावा काही सवर्ण रहिवाशांनी लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालय गाठले. १९३७ साली तेथेही अपील फेटाळले गेले.

निकाल न्याय्य होता. त्याचे कारण मात्र विचारात पाडणारे आहे. इंग्रजी परंपरेत रूढीला कायद्याचे बळ यावयाचे तर ती प्राचीन, निश्चित आणि विवेकाशी सुसंगत असावी लागते. वादींना रूढीचे स्मरणातीत प्राचीनत्व सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. रूढी विवेकाला धरून आहे की नाही, हा प्रश्न ठरविण्याची वेळच आली नाही. समजा, तीनशे वर्षांचे कागद त्यांनी हजर केले असते, तर? तहानलेल्याला पाण्यापासून दूर लोटणे जुनेपणामुळे न्याय्य झाले असते काय? मुळीच नाही. येथे फिनिस यांची पक्षपाताची कसोटी अचूक लागू पडते. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने तेच उत्तर दिले.

परंतु ही कसोटी लावली कोणी? ती शास्त्राभ्यासी पंडितांच्या पोथीत नव्हे, तळ्याच्या पायऱ्यांवर लागली. एका ओंजळीने कागदावरचा विवेक आचारात आणला. संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, मनुष्याचा विवेक शब्दांप्रमाणे वारंवार केलेल्या कृतीतूनही प्रकट होतो. म्हणून आचाराला कायद्याचे बळ येते. त्याच वेळी दुष्ट रूढीमुळे अंतःकरणातील नैसर्गिक कायदा झाकोळतो, आणि अशी रूढी कधीही खरा कायदा होऊ शकत नाही, असेही ते बजावतात. रूढीची ही दोन्ही रूपे एकत्र धरल्याशिवाय कायद्याच्या पायाचे विवेचन पूर्ण होत नाही. विवेकावाचून वहिवाट आंधळी, आणि आचारावाचून विवेक पांगळा.

ही चर्चा न्यायालयाच्या दारातच ठेवून आम्हांस परतता येणार नाही. आमच्या काही मंडळ्यांतही बसण्याच्या जागा आणि मृतांच्या भूमी जातवार विभागल्या गेल्या. त्याविषयी विचारल्यास 'पूर्वीपासून असेच चालत आले' हेच उत्तर कानी पडते. हे उत्तर महाडच्या वादींचेच आहे, आणि ते देताना आपण त्यांच्याच बाजूस उभे राहतो. एखादी रीत किती जुनी आहे, हे विचारण्यापूर्वी ती विवेकाला धरून आहे काय, हे विचारण्याचे धैर्य आपणांस हवे.

फिनिस यांचा ग्रंथ आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा. मात्र त्याच्या शेजारी महाडचा निकालही उघडून ठेवावा, ही आमची आग्रहाची सूचना आहे.