तबकडीतले खाँसाहेब

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांवर लिहिणारे बहुतेक जण गाण्यापेक्षा सिंगपेरुमाळ कोईलच्या स्टेशनावरील त्यांच्या अखेरच्या रात्रीतच (1937) जास्त रमतात. आम्हांला तबकडीविषयी बोलायचे आहे.

उर्दू शाळेच्या मास्तरांनी गाण्यावर कशाला लिहावे, असे आमचे काही स्नेही विचारतात. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांची कबर आहे, त्यांच्याविषयी आपण नाही लिहायचे तर कोणी?

खाँसाहेबांच्या मुद्रणांचे दोन काळ आहेत. पहिला 1905 च्या सुमाराचा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गावे लागे. वय तिशीतले, आवाज दमदार, ताना झपाट्याच्या. दुसरा 1930 च्या दशकातला, विजेच्या मुद्रणाचा. झिंझोटीतली ती प्रसिद्ध ठुमरी याच काळातली. हीच तबकडी ऐकून भीमसेन जोशी लहानपणी घर सोडून निघाले. सूर इतका बारीक आणि ओला, की एका बाजूची तीन मिनिटे पुरेशी वाटतात. दक्षिणेतल्या खरहरप्रिया रागातली त्यागराजांची कृतीही त्यांनी तबकडीवर गायली. उत्तरेच्या उस्तादाने असे करणे त्या काळी सोपे नव्हते.

किराणा म्हणजे केवळ संथ आलापी, हे मत दुसऱ्याच काळावर उभे आहे. पहिल्या तबकड्या ऐकल्यावर ते टिकत नाही. आमच्या मते संथपणा ही त्यांची उतारवयातली निवड होती, उणीव नव्हे.

आता तक्रार. आमच्याकडच्या एका सीडीत खरखर काढता काढता तंबोराही पुसला गेला आहे. ज्या गाण्याचा प्राणच तंबोऱ्याच्या गुंजनात आहे, त्याचे हे हाल! त्याहून वाईट म्हणजे वेग. 78 फेऱ्यांची तबकडी 82 ने फिरवली की काळी एकचा गवई जवळजवळ पांढरी दोनमध्ये गाऊ लागतो, लयही पळते. ऐकणारा म्हणतो, खाँसाहेबांचा आवाज जरा बायकी होता. आवाज त्यांचा, गुन्हा यंत्राचा! सारंगी कोणाची, तबला कोणाचा, याचाही वेष्टनावर पत्ता नाही.

म्हणून जुनी तबकडी कोणाच्या माळ्यावर असेल तर रद्दीवाल्याला देऊ नका. खरखरीसकट ऐका. पहिल्या मिनिटात कान वैतागेल. दुसऱ्यात षड्ज लागला की खरखर ऐकू येत नाही.